वरच्या कोपऱ्यातला आकडा

४ एप्रिल
आकडा : ३४०

प्रिय ठेंगू,

तुला सहा फुटांचा होऊन पस्तीस वर्षं झाली तरी मी ठेंगूच म्हणणार, तेव्हा त्याबद्दल तक्रार करण्यात कागद घालवू नकोस.

दुकान बंद केलं. शेवटचं काम एका कारकुनाच्या पँटचं होतं, कंबर दोन बोटं सैल करायची होती. त्याला पँट काठीला अडकवून लांबून दिली. बिचारा आधी काठीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. शटरवर ‘कामे घेणे बंद आहे’ अशी पाटी लावली, वर खोलीत आले, खिडक्या लावल्या आणि दाराखालच्या फटीत अस्तराच्या कापडाच्या गुंडाळ्या करून कोंबल्या. आता मुंगीलाही आत यायचं तर माझी परवानगी लागेल.

हसू नकोस. या साथीत कुणाला जास्त धोका आहे त्याची यादी पेपरात आली होती. साठीच्या पुढची माणसं, आणि छातीचे आजार असलेली माणसं. मी दोन्हीकडे बसते. ती यादी माझंच माप घेऊन बेतल्यासारखी वाटली मला. मी कात्रण कापून शिवणयंत्रावर चिकटवलंय, म्हणजे बाहेर पडावंसं वाटलं की ते दिसेल.

त्यात माझ्या समोरच्या दारात कोण राहतं ठाऊक आहे ना? ती नर्स. रोज त्याच वॉर्डातून येते. जिन्यावर तिची पावलं ऐकू आली की मी श्वास धरते. आपल्यासारख्यांना श्वास धरणं किती जमतं ते तुला सांगायला नको.

आकडा वर कोपऱ्यात घातलाय, नेहमीसारखा. फुंकणीत तीनदा फुंकलं, त्यातला सगळ्यात मोठा. डॉक्टरांनी ती प्लास्टिकची नळी पहिल्यांदा हातात दिली आणि ‘जोरात फुंका, किती हवा बाहेर पडते ते कळेल’ म्हणाले, तेव्हा तू ‘चूल कुठाय?’ असं विचारलं होतंस. त्या दिवसापासून ती फुंकणीच झाली.

फोन करू नकोस. आपला नियम आहे. पत्र लिही, लांबलचक.

तुझी
ताई


१२ एप्रिल
आकडा : ४२०

ताई,

कारकुनाच्या पँटची गोष्ट दोनदा वाचली. काठीची लांबी मात्र लिहिली नाहीस.

आमचंही घरोघरी जाऊन मीटर वाचणं थांबलंय. ऑफिसात आम्ही चौघं चार कोपऱ्यांत बसतो आणि सरासरी लावतो. तुला मागे सांगितलं होतं बघ, ज्या घराला कुलूप असेल त्याच्यापुढे ‘दा. बं.’ लिहायचं, म्हणजे दार बंद, आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढून टाकायची. आधी एका गल्लीत अशी तीन-चार घरं असायची. आता सगळ्या शहरापुढे दा. बं. लिहितोय. एकतीस वर्षं लोकांच्या दारात उभा राहिलो, ‘मीटर!’ अशी हाळी देत. आता संध्याकाळी घरी आलो की आपल्याच दारात हाळी द्यावीशी वाटते. आत कुणी नाही हे माहीत असूनसुद्धा.

कंटाळा आला म्हणून जुने कागद चाळले. आमच्यातला एक जण आठवतो का? उन्हात फिरायचा कंटाळा आला की चहाच्या दुकानात बसून आकडे ठोकून द्यायचा. साहेबांना कधी कळलं नाही, मला कागद पाहताच कळायचं. खरं मीटर वेडंवाकडं चालतं गं. पाहुणे आले की उडी मारतं, घरातलं माणूस गावाला गेलं की बसकण मारतं. बसल्या जागी लिहिलेला आकडा फार शहाणा असतो.

आता कामाचं. छातीच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. त्यांना सरळच विचारलं, दमा असला की या आजारात माणूस जातोच का? ते म्हणाले, असं अजिबात नाही. दमा आटोक्यात असेल तर धोका इतरांपेक्षा फार वाढतो असं आत्तापर्यंत तरी दिसलेलं नाही. ज्यांचा दमा सुटलेला असतो, ज्यांना नुकतंच दवाखान्यात राहावं लागलंय किंवा गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागलाय, त्यांचा धोका वाढतो. म्हणजे सगळं त्या रोजच्या पंपावर आहे. निळा पंप अडीनडीचा, पण रोजचा जो आहे, सकाळ-संध्याकाळचा, तो एक दिवसही चुकवायचा नाही. मी लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं. ते म्हणाले, तुम्ही कुठल्या ऑफिसात आहात?

तू घेतेस ना रोजचा? याचं उत्तर एका शब्दात दे.

ठेंगू


२१ एप्रिल
आकडा : ३४०

प्रिय ठेंगू,

घेते रे बाबा. झाला एक शब्द, वर दोन फुकट.

तुझे डॉक्टर म्हणतात ते खरं असेल, पण डॉक्टर सगळं सांगत नाहीत. पडद्यांचं काम घेऊन यायच्या त्या बाई, त्यांचे मेहुणे औषधांच्या दुकानात असतात. त्यांनी मार्चातच सांगितलं होतं की रोजच्या पंपात स्टिरॉइड असतं आणि स्टिरॉइडने अंगातली आजाराशी लढायची ताकद कमी होते. म्हणजे दम्यापासून वाचायला जावं आणि साथीच्या तोंडी पडावं. मी तुला नुसतं कळवतेय हो. तू आपला विचार कर, तू ऑफिसात चार माणसांत बसतोस.

इथे सगळं ठीक आहे. दिवस मोठे झालेत, की मला वाटतात, कोण जाणे. शिवणाचा पुतळा खालून वर आणलाय. त्याला मास्क शिवून घातला, मग डोकं नाही तर मास्क कुठे बांधणार, म्हणून गळ्यात अडकवला. सकाळी मी त्याला ‘काय म्हणता?’ असं विचारते. परवा पावडरचा डबा त्याच्यावर पडला तर मी चक्क माफी मागितली.

समोरची नर्स दाराबाहेर भाजी ठेवून जाते. मी काही मागितलं नव्हतं. दारावर दोनदा टकटक करते, ‘ताई, ठेवलंय हं’ म्हणते आणि जाते. मी पावलं थांबेपर्यंत वाट बघते, मग तिचं दार लागेपर्यंत, मग आणखी शंभर आकडे. भाजी मिठाच्या पाण्यात घालते. तिला अजून आभाराचा एक शब्द बोलले नाही. दाराच्या आतून बोलायला काय हरकत होती, पण बोलायचं म्हटलं की तिची हवा आत येईल असं वाटतं. वेडेपणा आहे, कळतं मला.

रविवारी फोन वाजला. तूच असशील. मी समोर खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होते. अकरा वेळा वाजला. उचलला नाही त्याचा राग मानू नकोस. मागे एकदा फोनवर तुला माझ्या छातीची शिट्टी ऐकू आली आणि तू तुझी सुपरवायझरची परीक्षा टाकून दोन गाड्या बदलून इथे आलास. तीन दिवस उशाशी बसलास. मी बरी झाले आणि तू जन्मभर लोकांच्या जिन्याखाली वाकून मीटर वाचत राहिलास. तेव्हाच मी ठरवलं, यापुढे पत्र. पत्राला शिट्टी ऐकू येत नाही.

तुझी
ताई


३ मे
आकडा : ४२०

ताई,

पत्र पोचलं. ऑफिसात फार काम आहे म्हणून चारच ओळी. मी मजेत. पडद्यांच्या बाईंच्या मेहुण्यांना माझा नमस्कार सांग आणि त्यांचं काही ऐकू नकोस. रोजचा पंप घे. पुतळ्याला विचारलं म्हणून सांग.

ठेंगू


११ मे
आकडा : ३४०

प्रिय ठेंगू,

अठरा दिवस वाट पाहिली आणि आल्या चार ओळी! त्यासुद्धा उजवीकडे उतरत गेलेल्या. एखाद्या नवशिक्याने घातलेली दुमड अशी खाली जाते. टेबलाचा पाय मोडला की काय तुझ्या? का मांडीवर कागद ठेवून, रेडिओ ऐकत ऐकत मला वाटेला लावलंस? रागावले नाही. म्हणजे रागावले होते, पण सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून तुलाच सांगतेय.

पत्र आलं त्या दिवशी मी दार उघडलं. आधी पोस्टमन फटीतून सरकवायचा. मी फट बुजवल्यावर मागचं पत्र दाराबाहेर ठेवून गेला, या वेळी मात्र त्याने बेल वाजवली. मी तोंडाला फडकं बांधलं, कडी काढली, आणि काय झालं कुणास ठाऊक, त्याला सोडेचना. त्याची मुलगी कितवीत आहे, त्याच्या पिशवीचा पट्टा कुठे उसवलाय, सगळं विचारलं. पट्टा तिथेच दारात बसून दोन टाके घालून दिला. तो बिचारा सारखा नाक पुसत होता, ‘धुळीने होतं’ म्हणाला. दहा मिनिटं गेली असतील. तो गेल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी पुतळ्याशी बोललेसुद्धा नाही. नंतर भीती वाटली, मग हात चार वेळा धुतले.

बाकी माझं छान चाललंय. आता मी कामं बेताबेताने करायला शिकलेय. आधी पातेलं ठेवायचं, मग बसायचं, मग पाणी ओतायचं, मग बसायचं. घाई कुणाला आहे? झोपायलाही खुर्चीच बरी वाटते हल्ली, पलंगावर आडवं पडलं की छातीवर कुणी गादी ठेवल्यासारखं होतं. खिडकीतला पडदा धुवायचा होता, पण हात वर करायचा कंटाळा येतो. वय झालं, दुसरं काय.

तू मात्र पुढच्या वेळी टेबलावर बसून लिही.

तुझी
ताई


१८ मे
आकडा : ३३० (हा खरा आहे)

ताई,

टेबलाचा पाय धड आहे. मीच आडवा होतो.

एप्रिलच्या शेवटी मला ताप आला. तपासणी झाली, तोच आजार निघाला. बारा दिवस खोलीत होतो. चार ओळींचं ते पत्र उशीवर वही ठेवून लिहिलं आणि तेवढ्यानेच थकलो. त्यावर मी ४२० लिहिलं. त्या दिवशी फुंकणीत २७० आला होता. तू घाबरशील म्हणून नेहमीचाच आकडा टाकला. माझंही दार बंद होतं, मीही सरासरी लावली.

आता नीट वाच. मला दमा आहे आणि मला तो आजार झाला आणि मी जिवंत आहे. दवाखान्यात राहावं लागलं नाही. खोकला होता, घाम फुटायचा, संडासापर्यंत जाताना भिंत धरावी लागायची. खालच्या मजल्यावरचे आजोबा दारात पाण्याची कळशी ठेवायचे. डॉक्टर दिवसाआड फोन करायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, रोजचा पंप घेतलात? घेतला. तापातही घेतला, उलटी झाली त्या दिवशीही घेतला. ते म्हणाले, तुमचा दमा आटोक्यात होता हे फार बरं झालं. शंभरात शंभर माणसं माझ्यासारखी सुटतील असं मी म्हणत नाही, त्यांनीही म्हटलं नाही. पण तुझ्या यंत्रावर जे कात्रण चिकटवलंय ना, त्यात ही अर्धी गोष्ट छापलेली नाही.

हे मी तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. तू रोज मरणाची वाट बघत बसलीस आणि मी त्यातून उठून बसलो तरी गप्प राहिलो. माझी चूक आहे.

आता तुझ्याकडे येतो. मी तुझी या वर्षीची सगळी पत्रं काढली. जानेवारीत ३५०. फेब्रुवारीत ३२०, तुला सर्दी होती. मार्चात ३५०. आणि मग एप्रिलच्या चार तारखेपासून ३४०, ३४०, ३४०. तिन्ही महिन्यांची सरासरी काढ. बरोबर तीनशे चाळीस येते. ताई, मी एकतीस वर्षं हेच करतोय. तू फुंकलंच नाहीस.

आणि रोजचा पंपही बंद केलास. मार्चात, त्या मेहुण्यांचं ऐकून. ‘घेते’ म्हणून मला थापा मारल्यास. दोन पावलांवर पातेलं ठेवायला दोनदा बसतेस, खुर्चीत झोपतेस, हात वर होत नाही, आणि लिहितेस वय झालं! तेवढी पत्राला शिट्टी ऐकू येते हो. श्वासातून घ्यायच्या त्या औषधाचा डोस बारीक असतो, बराचसा छातीतच काम करतो, त्याने साथीच्या तोंडी जात नाही असं डॉक्टर म्हणाले. आपल्या मनाने बंद करणं हाच धोका. हे पत्र हातात पडेल तेव्हा आधी पंप शोध, मग पुढचं वाच.

परीक्षेचं म्हणशील तर मी नापासच झालो असतो. अभ्यासच केला नव्हता. तुझी शिट्टी कानावर आली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. इतकी वर्षं हे सांगायला लाज वाटली, आणि तू उगाच ते ओझं वाहत बसलीस.

मी रोज संध्याकाळी सहाला फोन करणार आहे. गाड्या सुरू नाहीत, नाहीतर दारात येऊन ‘मीटर!’ म्हणून ओरडलो असतो. नियम मोडून एकदा उचल.

ठेंगू


१८ मे

माननीय बाई,
तिसरा मजला, शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या समोरचं दार

आपलं नाव मला माहीत नाही. मी आपल्या समोरच्या ताईंचा धाकटा भाऊ, मीटर वाचायचं काम करतो. घराला कुलूप दिसलं की आम्ही समोरच्या दारात विचारतो, घरात कुणी आहे का, कधी दिसतात, आत कुठे मीटर आहे. समोरच्या दाराला बहुतेक वेळा घरच्यांपेक्षा जास्त माहिती असते. म्हणून तुम्हाला लिहितोय.

माझ्या बहिणीला लहानपणापासून दमा आहे. तिने रोजचं औषध मार्चात सोडलं असावं असा माझा अंदाज आहे. ती तुम्हाला घाबरते, त्याबद्दल मी माफी मागतो. ती वाईट नाही. तुम्ही ठेवलेली भाजी ती खाते आणि आभार मानायचं राहिलं म्हणून तिला लागलेलं आहे, तिनेच मला लिहिलं.

तिचं दार एकदा वाजवाल का? उघडलं नाही तर कान लावून ऐकाल का? तुम्हाला काय ऐकायचं ते सांगायची गरज नाही.

आपला,
ताईंचा भाऊ


२५ मे

भाऊ,

तुमचं पत्र शनिवारी, तेवीस तारखेला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मिळालं. ड्यूटीवरून येऊन पायातले बूट काढत होते तेव्हा. ताईंच्या बेलचा आणि कडी निघून लगेच लागल्याचाही आवाज ऐकला, म्हणजे त्यांनाही त्याच टपालाने तुमचं पत्र आलं. तुम्ही फोनवर सगळं ऐकलंच आहे, पण दाराच्या माझ्या बाजूने काय झालं ते तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

मी दार वाजवलं. कान लावला. भाऊ, कान लावायचीही गरज नव्हती. मी म्हटलं, “ताई, मी आहे. तुमच्या भावाचं पत्र आलंय.” आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी म्हटलं, “घाबरू नका, मी मास्क लावलाय, आंघोळ करून आलेय.” आंघोळ केली नव्हती. खोटं बोलले. मग मी जिन्याच्या पायरीवर बसले. अँब्युलन्सला फोन केला, त्यांनी पाऊण तास लागेल म्हणून सांगितलं. दार तोडायचं म्हटलं तर मजल्यावर दुसरं कुणी नव्हतं, आणि खालचे लोक माझ्याजवळ येत नाहीत.

मग मी बोलत राहिले. काहीही. वॉर्डात आज काय झालं, कोण घरी गेलं. मी म्हटलं, ताई, दोन महिने या इमारतीत माझ्याशी कुणी बोललेलं नाही. जिन्यात मला बघून माणसं भिंतीला चिकटतात. तुम्ही निदान दाराच्या आत असता आणि माझी पावलं ऐकता, हे मला माहीत आहे. मी घरी येते तेव्हा तुमची हालचाल थांबते. मला तेवढंच वाटतं की कुणीतरी आपली वाट बघतंय. हे मी का बोलले मला समजत नाही.

सहाला आत फोन वाजला. आठ-नऊ वेळा वाजला आणि थांबला. मला वाटलं दमून थांबला. मग लक्षात आलं की उचललाय. आतून बोलण्याचा आवाज नव्हता, नुसती ती शिट्टी. दोन-तीन मिनिटं तेवढंच. मग दाराखालची कापडं ओढल्याचा आवाज आला, एकेक. मग कडी.

ओठ निळे पडायला लागले होते. निळा पंप हातातच होता, रिकामा. माझ्याकडे दुसरा होता, तो दिला. अँब्युलन्स आली. पुढचं डॉक्टरांनी तुम्हाला कळवलं असेलच. आज त्या बऱ्या आहेत. जेवण बेचव आहे म्हणून वॉर्डातल्या माझ्या मैत्रिणीशी भांडल्या, म्हणजे नक्कीच बऱ्या आहेत.

पुतळ्याला मी पाणी घालू का असं त्यांना विचारलं. हसताना पुन्हा दम लागला, म्हणून आता विनोद करत नाही.

समोरचं दार


७ जून
आकडा : २६०

प्रिय ठेंगू,

आकडा खरा आहे. समोरची उभी राहून बघत होती. तीनदा फुंकलं : २४०, २६०, २५०. वेडावाकडा आहे, तुला आवडेल.

परवा घरी आले. सगळं कबूल करते, एकदाच. पंप मार्चात बंद केला. फुंकणी एप्रिलमध्ये खणात टाकली. फुंकायच्या आधी खोल श्वास घ्यावा लागतो ना, आणि मला हवाच आत घ्यायची भीती वाटत होती. मग मागचे आकडे काढून भागाकार केला. मला वाटलं, तुला काय कळतंय.

आता ऐक खरी गंमत. दवाखान्यात तपासणी केली तर तो आजार नव्हताच. साधी सर्दी! जी दरवर्षी होते ती. डॉक्टर म्हणाले, पंप बंद केल्यामुळे छाती आधीच सुजलेली होती, तिला एवढीशी सर्दीसुद्धा पुरली. म्हणजे तू खरा वाघ अंगावर घेऊन घरात बसून राहिलास, आणि मी दार-खिडक्या लावून मांजरीने मरत होते. सर्दी बहुधा पोस्टमनने दिली. त्याला दोष देऊ नकोस, पट्ट्याच्या निमित्ताने त्याला मीच धरून ठेवलं होतं. मला माणूस हवा होता रे.

ते कात्रण काढलं. नर्सने मला जिन्यावरून उतरवताना दंडाला धरलं तेव्हा मी रडले. तिला वाटलं, दम्याने. दोन महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता. मी आजाराला भिऊन दार लावलं हे खरं, पण नंतर नंतर उघडायला कारणच राहिलं नव्हतं. कुणी आपल्यासाठी उभं नाही असं वाटायला लागलं की कडी फार जड होते. आणि ती दोन महिने पलीकडे उभी होती.

तुझ्याबद्दल फार वाईट वाटलं. बारा दिवस तू भिंत धरत चाललास आणि मी तुला ओळी तिरक्या का म्हणून टोचून बोलले. तुझ्या उशाशी मला बसायचं होतं. ते राहिलं.

त्या दिवशी फोन उचलला, कारण तुझं पत्र समोर होतं आणि तू जिवंत होतास. बोलायला हवा नव्हती. तुला वाटलं असेल मी रागावलेय. तू म्हणालास, “ताई, बोलू नकोस. मी ऐकतोय.” ज्या शिट्टीसाठी मी अठरा वर्षं फोन उचलला नाही, ती तू बसून ऐकत राहिलास. किती वेळ गेला कळलं नाही. मग म्हणालास, “तीस.” माझे श्वास मोजत होतास, गाढवा! घड्याळ लावून! मग म्हणालास, “झालं माझं रीडिंग. आता दार उघड.”

मी उघडलं.

रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ घेते. समोरची दारावर दोनदा टकटक करते, मी आतून दोनदा करते, म्हणजे घेतला. भाजीचे आभार मानले. तिच्या गणवेशाची बाही खांद्यात उसवली होती, ती शिवून दिली, काठीने नाही, हातात.

आता नियम बदलूया. पत्रं लिहीतच जा, पण रविवारी सहाला फोन कर. पहिल्यांदा वाजेल तेव्हाच उचलीन. अजून बोलताना धाप लागते, तेव्हा फार बोलणार नाही. तू नुसता ऐक आणि आकडा तूच लिहून घे.

तुझी
ताई